दुपारच्या मालिकांचा ताळेबंद

स्मरणिका समितीने ‘पंचवीस वर्षांत काय बदललं’ यावर चार शब्द लिहायला सांगितले. पाणी, पार्किंग आणि लिफ्ट यांवर इतर सभासद लिहितीलच. मी लिहितो आहे दुपारच्या मालिकांवर. हसू नका. सोसायटी नवी होती तेव्हा दुपारी जिना चढताना पहिल्या मजल्यावर सुरू झालेला संवाद तिसऱ्या मजल्यावर संपायचा, कारण घरोघरी तीच मालिका लागलेली असे. आता दुपारी जिना शांत असतो. याचं मूळ शोधायचं तर अमेरिकेत जावं लागतं, कारण या प्रकाराचा जन्म तिथला.

१९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर अर्ना फिलिप्स या पूर्वाश्रमीच्या शिक्षिकेने ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोजची कौटुंबिक श्रुतिका सुरू केली. दुपारी घरी कोण असतं? गृहिणी. साबण कोण आणतं? तीच. हे गणित साबण कंपन्यांनी बरोबर ओळखलं. १९३३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ‘ऑक्सिडॉल’ या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीसाठी ‘मा पर्किन्स’ ही मालिका पुरस्कृत केली. साबणवाल्यांच्या पैशांवर चालणारी नाटकं, म्हणून नाव पडलं ‘सोप ऑपेरा’.

फिलिप्सबाईंचीच ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली. बहात्तर वर्षं! आजीने सुरू केलेली मालिका नातीने संपताना पाहिली. १९५६ ची ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ तर इतिहासातच जाऊन बसली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी सीबीएसवर तिचा भाग चालू असताना तो मध्येच तोडून केनेडींवर गोळीबार झाल्याची बातमी देण्यात आली. आणि १९८१ मध्ये ‘जनरल हॉस्पिटल’मधल्या ल्यूक आणि लॉराचं लग्न ऐन कामाच्या दिवशी, भर दुपारी, सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं.

मग उतरती कळा का लागली? पहिलं कारण चांगलंच आहे म्हणायचं. बायका नोकरीला लागल्या, दुपारी घरी कोणी उरलं नाही. दुसरं, केबलमुळे वाहिन्या वाढल्या. तिसरं, १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसनचा खुनाचा खटला महिनोन् महिने दिवसा थेट दाखवला गेला. मालिकांचे भाग बुडाले. रोजची सवय मोडलेला प्रेक्षक सगळाच्या सगळा परत आला नाही. चौथं कारण खर्चाचं. मालिकेला नट, लेखक, सेट, आठवड्याला पाच भाग, तेही बारा महिने. गप्पांच्या कार्यक्रमाला दोन खुर्च्या आणि एक बोलका सूत्रधार पुरतो.

पाचवं कारण मला, एक बँकवाला म्हणून, जास्त लागलं. तिथले जाहिरातदार प्रामुख्याने १८ ते ४९ वयाचाच प्रेक्षक मोजायचे. म्हणजे चाळीस वर्षं न चुकता मालिका पाहणारी सत्तरीतली बाई त्यांच्या हिशेबी जवळजवळ शून्य! आमच्या बँकेत ज्येष्ठ नागरिकाला मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज मिळायचं. इथे सगळ्यात जुन्या खातेदाराचं खातंच बंद केलं. २००९ ते जानेवारी २०१२ या काळात चार मोठ्या मालिका बंद पडल्या. त्यांतल्या दोन २०१३ मध्ये इंटरनेटवर पुन्हा सुरू झाल्या, पण टिकल्या नाहीत.

आपल्याकडे हे वारं नव्वदीत आलं. केबलवर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ दिसू लागल्या. दूरदर्शनवर १९९४ मध्ये ‘शांति’, पाठोपाठ ‘स्वाभिमान’ आणि मराठीत प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ आली. आमच्या सौ.चा दुपारचा चहा ‘दामिनी’च्या वेळेला बांधलेला असायचा. मात्र २००० नंतर खासगी वाहिन्यांनी मोठ्या मालिका संध्याकाळी आणि रात्री नेल्या, कारण तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर असतं आणि जाहिरातीचा दरही चढा मिळतो. दुपारच्या वाट्याला बहुतेक रात्रीचं शिळं आलं. अमेरिकेत दुपारची मालिका आटली, आपल्याकडे ती रात्रपाळीला गेली, एवढाच फरक.

आता पुढे काय? अगदीच अंधार नाही. ‘जनरल हॉस्पिटल’ने साठी कधीच ओलांडली. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ २०२२ मध्ये टीव्ही सोडून ‘पीकॉक’ या ओटीटीवर गेली आणि तिथे चालू राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीएसने ‘बियाँड द गेट्स’ ही नवी दुपारची मालिका सुरू केली. वॉशिंग्टनजवळच्या एका सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंबाची ती गोष्ट आहे. गंमत म्हणजे निर्मितीत प्रॉक्टर अँड गॅम्बलही आहे. साबणवाले परत आले! शिवाय मोबाईलवर दीड-दोन मिनिटांच्या उभ्या मालिका निघाल्या आहेत. रडणं, कट, गैरसमज, भागाच्या शेवटी धक्का, सगळा मसाला जुनाच.

म्हणजे गोष्ट मरत नाही, हे खरं. पण ठरलेली वेळ गेली, ती परत येईलसं मला वाटत नाही. मालिका चांगल्या होत्या असा माझा दावा नाही, पुष्कळ टुकार होत्या. तरी ‘काल काय झालं हो?’ एवढ्या एका प्रश्नावर दोन शेजारणी अर्धा तास बोलत, आणि त्यात गुडघेदुखीपासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळं निघत असे. आता प्रत्येकाच्या हातात वेगळी मालिका, कानात वेगळा संवाद. बोलणार कशावर?

पंचवीस वर्षांपूर्वी पन्नाशीत इथे राहायला आलेले आपण आता सत्तरी ओलांडली. मुलं पुण्या-बंगळुरूला, काही परदेशी. दुपार मोठी वाटू लागली आहे. आपलं सभागृह तीन ते पाच बंदच असतं, टीव्ही आहे, खुर्च्याही आहेत. नव्या कमिटीने दुपारी ते उघडं ठेवावं, एवढी सूचना मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. चहाचा खर्च वर्गणीतून भागवू, हिशेब मी ठेवीन.