भिंतीआडची बाग : फेरारा, १९३८

१/ उंच भिंत, आत जुनी झाडी, टेनिसचे मैदान आणि पांढऱ्या पोशाखातील तरुण-तरुणी. 'बायसिकल थीव्ह्ज'चे दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'द गार्डन ऑफ द फिन्झी-काँटिनीज' (१९७०) असा सुरू होतो. खेळायला जमलेल्यांपैकी बहुतेक ज्यू आहेत. शहरातील टेनिस क्लबची दारे त्यांना बंद झाली आहेत.

२/ जॉर्जो बसानी यांच्या १९६२च्या कादंबरीवर आधारलेली ही कथा उत्तर इटलीतील फेरारा शहरात घडते. फिन्झी-काँटिनी हे धनाढ्य ज्यू कुटुंब. त्यांच्या मिकोलवर मध्यमवर्गीय जॉर्जोचे प्रेम आहे.

३/ फेराराचे ज्यू तेथे उपरे नव्हते. त्यांची वस्ती मध्ययुगापासूनची. काही जण तर फॅसिस्ट पक्षाचे सदस्य होते. कथेतील जॉर्जोचे वडीलही त्यांतलेच. १९२६पासून १९३८पर्यंत शहराचे नगरप्रमुख असलेले रेन्झो राव्हेन्ना स्वतः ज्यू होते.

४/ मग १९३८ साल उजाडले. ऑगस्टमध्ये ज्यूंची स्वतंत्र शिरगणती झाली. सप्टेंबरमध्ये ज्यू विद्यार्थी व शिक्षकांना सरकारी शाळांतून काढण्यात आले. नोव्हेंबरच्या कायद्याने मिश्रविवाह आणि सरकारी नोकरी यांवर बंदी घातली.

५/ चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग घरगुती आहे. जॉर्जोचे वडील स्वतःची समजूत घालतात : हे गेले, ते गेले, तरी नागरिकत्व शाबूत आहे ना! प्रत्येक नवा निर्बंध त्यांना शेवटचा वाटतो.

६/ फिन्झी-काँटिनींना तर तेवढीही झळ लागत नाही. क्लब बंद झाला, तर स्वतःचे मैदान आहे. जॉर्जोला सार्वजनिक ग्रंथालयातून हुसकावले जाते, तेव्हा मिकोलचे वडील त्याला आपले खासगी ग्रंथालय उघडून देतात. संपत्तीने अपमान झाकता आला. कायदा मात्र अडवता आला नाही.

७/ सप्टेंबर १९४३मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा उत्तर व मध्य भाग व्यापला. १६ ऑक्टोबरला रोममध्ये धरपकड झाली. हजाराहून अधिक ज्यूंना आउशवित्झला पाठवण्यात आले. त्यांतील केवळ १६ जण परतले. १९३८च्या शिरगणतीतून तयार झालेल्या याद्या आता अटकेसाठी कामी आल्या.

८/ चित्रपटाच्या अखेरीस मिकोलला एका शाळेच्या वर्गात कोंडले जाते. तेथेच तिला जॉर्जोचे वडील भेटतात. बागेच्या भिंतीने वेगळी ठेवलेली दोन घरे एकाच यादीत आलेली असतात. ती यादी पाच वर्षांपूर्वी, एका साध्या सरकारी अर्जापासून सुरू झाली होती.