सापडण्याची कुळकथा

धर्माबादची लाल मिरची नांदेड जिल्ह्याबाहेरही गावाच्या नावाने ओळखली जाते. मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे, बासरच्या अलीकडचे हे सरहद्दीवरचे गाव. मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषांत इथले व्यवहार होतात. मिरचीचे नाव अडत्यांनी आणि गिऱ्हाइकांनी तोंडोतोंडी नेले. आज मात्र पुण्यातला मसाल्याचा कारखानदार मोबाइलवर दोन शब्द लिहितो आणि मोंढ्यातला, म्हणजे घाऊक बाजारातला, कोणता व्यापारी त्याला आधी दिसावा हे शोधयंत्र ठरवते. त्या यंत्राच्या नजरेत कसे यायचे याची एक विद्या गेल्या तीस वर्षांत उभी राहिली. धंद्यातले लोक तिला 'एसईओ' म्हणतात, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. तिच्यातला मराठीचा अध्याय जगापेक्षा वेगळा आहे. पण आधी मूळ पुरुषांकडे जायला हवे.

१९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी 'आर्ची' तयार केले. त्याला फक्त फाइलींची नावे शोधता येत. आत काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. खरे बीज मला १९९३ च्या 'अलिवेब'मध्ये दिसते. मार्टिन कोस्टर यांच्या या सूचीत संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या पानाचे वर्णन स्वतः लिहून ठेवायचे आणि यंत्राने ते उचलायचे. मालकाने यंत्राला आपली ओळख करून देण्याची ही सुरुवात. याच कोस्टर यांनी १९९४ मध्ये 'रोबोट्स' नावाच्या फाइलीची पद्धतही सुचवली. आपल्या घरात यंत्राने कुठे शिरू नये हे तिच्यात लिहितात, आणि ती आजही चालू आहे.

१९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांची याहू ही निर्देशिका आली. तिची मांडणी माणसे करत, आणि प्रत्येक विभागातली नावे वर्णक्रमाने येत. म्हणून इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारी नावे ठेवण्याची टूम निघाली, जशी टेलिफोन डिरेक्टरीच्या काळात होती. त्याच वर्षी ब्रायन पिंकरटन यांच्या 'वेबक्रॉलर'ने पानावरचा प्रत्येक शब्द सूचीत घेतला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टाने तेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. शब्द मोजले जातात हे कळल्यावर लोकांनी शब्दांचा मारा केला. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा. वाचकाला काही दिसत नाही, यंत्राला मात्र सगळे दिसते. लबाडी एवढीच होती, आणि तिने शोधाची गुणवत्ता पार घालवली. एप्रिल १९९६ मध्ये डॅनी सलिव्हन या पत्रकाराने यंत्रे पाने कशी निवडतात याचा अभ्यास करून संकेतस्थळे चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली. या विद्येला शास्त्राची शिस्त तिथून लागू लागली, आणि विद्येचे नावही त्याच सुमारास रूढ झाले.

पुढचे वळण ग्रंथालयशास्त्रातून आले, आणि मला ते या कथेतले सर्वांत सुंदर वळण वाटते. १९५५ मध्ये युजीन गारफिल्ड यांनी शास्त्रीय लेखांसाठी उद्धरणसूचीची कल्पना मांडली: एखाद्या लेखाचे वजन किती, हे त्याचा आधार इतर किती लेखांनी घेतला यावरून पाहता येते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी तेच तत्त्व जाळ्यावरच्या दुव्यांना लावले. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे गेलेला दुवा म्हणजे एक शिफारस, आणि शिफारस करणारा जितका प्रतिष्ठित तितके तिचे वजन जास्त. यातूनच १९९८ चे गूगल उभे राहिले. पानाने स्वतःबद्दल केलेल्या बढाईला किंमत उरली नाही. इतर काय म्हणतात ते मोलाचे ठरले.

मग दुवेच विकत मिळू लागले. नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलने 'फ्लोरिडा' नावाने ओळखला जाणारा बदल केला आणि अनेक दुकानांची पाने रातोरात खाली गेली. २०११ चा 'पांडा' निकृष्ट मजकुरावर होता, २०१२ चा 'पेंग्विन' बनावट दुव्यांवर. पानाच्या पोटात दडवलेल्या कळीच्या शब्दांच्या यादीकडे आपण बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. तरीही ती यादी भरून देण्याचे पैसे घेणारे आजही भेटतात. गरीब दुकानदाराला असे फसवणे मला फार वाईट वाटते.

हे सगळे घडत होते तेव्हा मराठी कुठे होती? यंत्राच्या लेखी ती नव्हतीच. वृत्तपत्रांची संकेतस्थळे नव्वदच्या दशकाअखेरीस आली, पण त्यांचा मजकूर खासगी फॉन्टमध्ये असे. त्यात रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवलेला असायचा: इथे काना, तिथे अर्धा 'क'. वाचकाने तो फॉन्ट उतरवून घेतला तर त्याला 'मिरची' दिसे. यंत्राला दिसे तो रोमन अक्षरांचा निरर्थक गोळा. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे एका वृत्तपत्रातला शब्द दुसऱ्यातल्या शब्दाशी जुळत नसे. काही ठिकाणी तर मथळेच चित्रे होते. मराठीत तेव्हा भरपूर छापले जात होते, पण शोधून सापडत नव्हते.

यातून सुटकेची वाट पुण्याशी जोडलेली आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली, आणि भारतीय लिप्यांसाठीच्या 'इस्की' या सामाईक संकेतप्रणालीची एक आवृत्तीही त्याच वर्षीची. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या याच आवृत्तीवरून घेतली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. पण कागदावरचे प्रमाण घरातल्या संगणकात उतरायला वर्षे गेली. विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावर ते सामान्य माणसाच्या हाती पडले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे आणि मायबोलीसारख्या संकेतस्थळांवर युनिकोडमध्ये लिहू लागलेल्या हौशी माणसांनी मराठीला शोधयंत्रात पहिल्यांदा जागा मिळवून दिली. त्यांना कुणी पगार दिला नव्हता. मराठीतले एसईओचे आद्य कारागीर तेच, असे मी मानतो.

अक्षरे वाचता आली तरी अडचणी संपल्या नाहीत. 'व्यापाऱ्यांनी' हा शब्द घ्या. त्यातला जोडाक्षराचा 'र' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकदा स्वतंत्र 'ऱ' वापरून, एकदा साध्या 'र'पुढे हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन शब्द. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे 'अ'वर चंद्र ठेवून लिहिलेला जुना मजकूर वेगळाच राहिला. मोठी शोधयंत्रे हे आता बरेचसे सांभाळून घेतात. साध्या संकेतस्थळांवरच्या शोधचौकटी अजून अडखळतात.

विभक्तीचा प्रश्न त्याहून खोल. इंग्रजी शब्दांची शेपटे छाटून मूळ शब्द काढण्याची मार्टिन पोर्टर यांची पद्धत १९८० ची. आपल्याकडे मिरची, मिरचीला, मिरच्या, मिरच्यांचा. धर्माबाद, धर्माबादला, धर्माबादेत. सामान्यरूप होताना शब्दाचे अंगच बदलते. २००८ मध्ये 'फायर' या भारतीय उपक्रमाने हिंदी, बंगाली यांच्याबरोबर मराठी बातम्यांचा संग्रह संशोधकांपुढे ठेवला, तेव्हा मराठीतला शोध किती अचूक ठरतो हे मोजायला सामाईक मापदंड मिळाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलवर मराठी बोलून शोधता येऊ लागले. ज्याला टंकलेखन येत नाही अशा शेतकऱ्यालाही त्यामुळे मोंढ्यातला भाव विचारण्याची सोय झाली.

एकाच नावाच्या वेगवेगळ्या वर्णलेखनाचे एक बोलके उदाहरण धर्माबाद तालुक्यातच आहे. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचा महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे असतात. हैदराबादकडच्या इंग्रजी बातम्यांत हाच बंधारा 'बाबली' म्हणून येतो. एकाच वर्णलेखनाने शोधणाऱ्याला एकाच राज्याची बाजू जास्त दिसण्याचा धोका त्यात आहे. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्याने दोन्ही नावे पानावर ठेवावीत. हा एसईओच, आणि त्यात कसलीही लबाडी नाही.

मिरचीच्या व्यापाऱ्यालाही यापेक्षा मोठी जादू लागत नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद, उघडण्याची खरी वेळ, मालाचे स्वतः काढलेले फोटो. मिरचीची जात, तिखटपणा, रंग, देठासह की देठ काढलेली, हे सगळे गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते त्याच शब्दांत, देवनागरीत लिहिलेले एक पान. मोबाइलवर नीट न उघडणारी पाने एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात मागे पडू लागली, एवढे पान बनवणाऱ्याला सांगून ठेवावे.

मोठे काम वेगळेच शिल्लक आहे. मराठवाड्यातली कितीतरी स्मरणिका, जुनी साप्ताहिके, शासकीय अहवाल आज संगणकात आहेत ते नुसत्या चित्रांच्या रूपात, किंवा २००० च्या आसपासच्या त्याच खासगी फॉन्टमध्ये. फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. चित्रातली देवनागरी ओळखणारी यंत्रेही आता बरी झाली आहेत, आणि त्यांच्या चुका हाताने दुरुस्त करण्याचे काम मराठी विकिस्रोतावर चालते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात आपापल्या तालुक्यापासून करावी: एका साप्ताहिकाचा एक वर्षाचा संच घ्यावा, मालकाची परवानगी घ्यावी आणि पानामागून पान उतरवावे.