तेरचं रान आणि गिरगावातली खोली

मागच्या रविवारी सकाळी चुलतभावाचा फोन आला. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तेरपासून जवळच. म्हणाला, "दादा, रोडच्या कडचं चार एकर रान विकायचं म्हणतोय. गिरगावात एक रूम मिळतीय, पागडीची. दीडशे फूटच हाय, पण दलाल म्हणतोय बिल्डिंग पाडली की तीनशे फुटांचा फ्लॅट फुकट. तू कॉम्प्युटरवर हिशेब करून सांग."

आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे मी. एक्सेल उघडलं, सोयाबीनचं उत्पन्न एका बाजूला, मुंबईतली भाववाढ दुसऱ्या बाजूला. आकडे मुंबईच्या बाजूने इतके सुंदर झुकले की मलाच शंका आली. शीटमध्ये सगळ्याला रकाना होता, फक्त एका गोष्टीला नव्हता: उद्या नियम बदलला तर? तो रकाना भरायला इतिहास वाचावा लागला. हा लेख म्हणजे तोच रकाना.

तसं पाहिलं तर आम्हा तेरकडच्या लोकांना समुद्रकिनाऱ्याचा नाद नवा नाही. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलंय की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथून कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायचं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाई आहे, तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली. म्हणजे आमचा माल कुठवर जात होता बघा!

त्याच पुस्तकात कल्याण बंदराबद्दल दोन ओळी आहेत. आधीच्या राजाच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादं ग्रीक जहाज लागलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती. आता कल्पना करा, तगरच्या एखाद्या सावकाराने थोरल्या राजाच्या काळात कल्याणच्या बंदरावर वखार घेतली असेल. समुद्र तिथेच, धक्का तिथेच, वखारीची वीटही हललेली नाही. पण जहाज येत नाही. वखारीची किंमत काय राहिली?

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जमीन हे हार्डवेअर आणि कायदा ही ऑपरेटिंग सिस्टीम. आपण हार्डवेअर बघून पैसे मोजतो, आणि अपडेट मात्र वरून येतं, न विचारता :)

पुढे तगरचं नाव खरोखरच कोकणात गेलं. ठाण्याहून राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. आजची मुंबई ज्या बेटांवर उभी आहे, ती त्यांच्याच राज्यात. मुंबईत परळला त्यांचा शके ११०९ चा, म्हणजे इ.स. ११८७ चा शिलालेख सापडला. अपरादित्य राजाच्या काळचा. साष्टीतल्या महुली गावच्या एका वाडीचं उत्पन्न वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिल्याची ती नोंद आहे. आणि शेवटी मराठीत शिवी! हे दान जो मोडील त्याच्या आईबद्दलची. इथे लिहिण्यासारखी नाही. अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात आणि त्यावर गाढव आणि बाई कोरलेली असते, बाकी समजून घ्या.

मला ही शिवी फार बोलकी वाटते. राजाला सैन्य होतं, खजिना होता, तरी दगडावर शिवी कोरावी लागली. कारण आपला शब्द पुढचा राजा पाळेलच याची खात्री त्याला स्वतःलाही नसावी.

आता एकदम सातशे वर्षं पुढे येऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा जिरवायला जागा हवी होती. जागा नव्हती तर समुद्रच बुजवायचा ठरलं! कुलाब्यापासून मलबार हिलपर्यंतचा पश्चिम किनारा भरून काढायला बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखाली होती, लोक तिचे कागद विकत घेत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला सौद्यांची मुदत भरली तेव्हा अर्ध्या मुंबईचं दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ रुपयांवर आला. बॅक बेच्या भरावातून जी पट्टी हाती लागली ती मुख्यतः रेल्वेच्या कामी आली.

पण हा सट्टा झाला. "आपण सट्टा करत नाही, आपण वीटबांधकाम घेतो" असं माझा भाऊ म्हणेल. तर वीटबांधकामाचं काय झालं तेही बघू.

सट्टा ओसरल्यावर शहाणी माणसं चाळी बांधू लागली. गिरगाव, काळबादेवी, परळ. गिरण्यांत आणि हापिसांत माणसं येत होती, खोल्या कमी होत्या, भाडं दर महिन्याला हातात. त्या काळात याहून खात्रीची गुंतवणूक कुठली? मग युद्धं आली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं. कायदा ठराविक मुदतीचा होता, पण मुदतवाढ मिळत राहिली आणि तो पन्नास वर्षं टिकला. चाळीच्या मालकाची भिंत, जिना, गच्ची, सगळं जागेवर. फक्त अपडेट आलं.

मग जे व्हायचं तेच झालं. भाड्यात रंगसुद्धा निघेना, मालकांनी दुरुस्ती सोडली. भाडेकरू हलेना, आणि हललाच तर खोलीचा ताबा 'पागडी' घेऊन देऊ लागला, मालकाचा वाटा बाजूला काढून. इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं आणि उपकर बसवला. तेव्हा या यादीत १९,६४२ इमारती होत्या. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी आता समर्थनीय नाहीत असं म्हटलं. त्यानंतरचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला कायद्यात जागा दिली. पण ४ टक्के कशावर? त्याच जुन्या भाड्यावर!

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मालकाचं वाईट झालं हे खरं. पण आपण तर भाडेकरूची बाजू घेतोय की. आणि दादा, हे रान तरी आपल्याला कसं मिळालं?"

मी गप्पच बसलो. कारण तो बरोबर होता. धाराशिव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्यानंतर १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला. आमचे आजोबा दुसऱ्याच्या रानात राबणारे संरक्षित कूळ होते. त्या कायद्यामुळे हे चार एकर आमच्या नावावर झाले. ज्या प्रकारच्या कायद्याने गिरगावचा चाळमालक बुडाला, त्याच प्रकारच्या कायद्याने आम्ही जमीनदार झालो. म्हणजे नियम बदलणं वाईट असं म्हणायला निदान आमच्या घराला तोंड नाही. नियम बदलतो तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात, एवढाच प्रश्न असतो.

आणि पागडीचा भाडेकरू कुठे उभा आहे? तो खोलीचा मालक नाही. त्याच्याकडे भाडेपावती आहे. आजच्या नियमाने उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर त्याला किमान ३०० फूट मिळतात हे खरं आहे. पण ते पात्र भाडेकरूला, आणि पुनर्विकास झाला तर. तो कधी होईल हे मालक, बिल्डर आणि बाकीचे भाडेकरू मिळून ठरवणार, आणि तोवर नियम हाच राहील याचा दगड कुणी कोरून ठेवलेला नाही. गद्धेगाळसुद्धा नाही.

म्हणून भावाला तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? मालकाची लेखी संमती आहे का? आणि खोलीत आज प्रत्यक्ष राहतं कोण?

बुधवारी फोन आला. पावती विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे, वडील वारले. मालकाची संमती "नंतर करून घेऊ" असं दलाल म्हणतो. खोलीत विकणाऱ्याची बहीण राहते, तिला या सौद्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

इसार अजून दिलेला नाही. भाऊ म्हणतो, पुढच्या आठवड्यात मुंबईला जाऊन आधी त्या बाईंना भेटून येतो. मी म्हटलं, मीही येतो.