डायना ऑटनचे शेवटचे नऊ महिने

ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे जिथे भरकटले तिथे थोडी कात्री लावली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

६ मार्च १९७०, शुक्रवार. न्यू यॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये पश्चिम ११ व्या रस्त्यावर १८ नंबरचं जुनं विटांचं घर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेलं, श्रीमंतांच्या आळीतलं. शेजारच्या घरात डस्टिन हॉफमन राहायचा, तो नट. दुपारी बाराच्या सुमारास हे घर स्फोटात कोसळलं. धुरातून दोन तरुणी बाहेर आल्या, एकीच्या अंगावर कपडेसुद्धा नव्हते. एका शेजारणीने त्यांना घरात घेतलं, अंगावर घालायला कपडे दिले, आणि कोणी काही विचारायच्या आत त्या दोघी निघून गेल्या. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं गॅस गळती असणार. मग ढिगाऱ्यात डायनामाइटच्या कांड्या सापडायला लागल्या, पन्नासहून जास्त.

तीन माणसं मेली होती. त्यातली एक बाई. तिची ओळख पटली ती ढिगाऱ्यात मिळालेल्या बोटाच्या टोकावरून, कारण पाच महिन्यांपूर्वी शिकागोत अटक झाली तेव्हा पोलिसांनी तिचे ठसे घेतले होते. नाव डायना ऑटन, वय २८.

आता ही डायना कोण? इलिनॉय राज्यात शिकागोच्या नैर्ऋत्येला ड्वाइट नावाचं छोटं गाव आहे. आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेतं. या गावात ऑटन घराणं म्हणजे, आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर, वाडाच. एका पणजोबांचा दारू सोडवणाऱ्या कीली इन्स्टिट्यूटच्या उभारणीत वाटा, दुसरे पणजोबा डब्ल्यू. डी. बॉइस, अमेरिकेत बॉय स्काउट्स सुरू करणारे. वडील बँकेत, शेतीत, आणि काही काळ रिपब्लिकन पक्षातर्फे राज्याच्या विधिमंडळातही. चार बहिणींत डायना थोरली. चौदाव्या वर्षी ती व्हर्जिनियातल्या मडीरा या मुलींच्या निवासी शाळेत गेली, तिथून ब्रिन मॉर कॉलेजला, विषय जर्मन, मधलं एक वर्ष म्युनिकमध्ये. १९६० च्या निवडणुकीत ती केनेडीच्या नाही, निक्सनच्या बाजूची होती.

अशा मुलीची गोष्ट सांगताना दोन तयार उत्तरं कायम पुढे येतात. एक, श्रीमंत घरातल्या पोरीला श्रीमंतीचीच लाज वाटायला लागली. दोन, एका मुलाच्या नादाला लागली आणि वाया गेली. दुसरं उत्तर तर बायकांच्या बाबतीत इतकं सहज निघतं की ते देणाऱ्याला आपण काही विचार केला नाही हे कळतही नाही. पुरुष बॉम्ब करतो तेव्हा तो विचारसरणीमुळे, बाई करते तेव्हा बॉयफ्रेंडमुळे!

मी या भागाची तयारी करताना तिच्या आयुष्यातल्या तारखा एका स्प्रेडशीटमध्ये टाकल्या. ऑफिसची सवय, दुसरं काय. कधी कुठे होती, कशावर काम करत होती, किती काळ. आणि ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटायला लागली, कारण शीटमध्ये जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच काम येत होतं. डायना लोकांना वाचायला शिकवत होती.

कॉलेजात असताना ती फिलाडेल्फियाला जाऊन गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलांची शिकवणी घ्यायची. सातवीतल्या मुलांना वाचता येत नाही, हा तिला बसलेला पहिला धक्का. १९६३ मध्ये पदवी घेतल्यावर क्वेकर पंथीयांच्या एका सेवा संस्थेकडून ती ग्वाटेमालात गेली. चिचिकास्तेनांगो, डोंगरातलं बाजाराचं गाव, आसपास माया लोकांच्या वाड्या. मातीच्या जमिनीच्या खोलीत राहून तिने दोन वर्षं प्रौढांचे साक्षरता वर्ग चालवले, मुलांच्या पोषणाच्या कामात हात लावला.

इथे जरा थांबू, कारण ग्वाटेमाला समजल्याशिवाय पुढचं समजत नाही. ती तिथे पोचली त्याच्या नऊ वर्षं आधी, १९५४ मध्ये, सीआयएने घडवलेल्या उठावात तिथलं निवडून आलेलं अर्बेन्झ सरकार पडलं होतं. अर्बेन्झने पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला घेतल्या होत्या आणि त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीची जमीनही होती. म्हणजे डायना ज्या शेतकऱ्याला अक्षरं गिरवायला शिकवत होती, त्याला जमीन मिळू शकली असती आणि ती मिळू न देण्यात तिच्याच देशाचा हात होता. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आलेल्या एका अमेरिकन तरुणाशी तिच्या खूप चर्चा व्हायच्या. त्याचं म्हणणं साधारण असं, की तुझ्या कामाने यांची गरिबी जाणार नाही, ती फक्त सहन होण्याजोगी होईल. डायनाने यावर काम सोडलं नाही, मुदत पूर्ण केली. पण हा युक्तिवाद ती सोबत घेऊन परतली. आणि खरं सांगायचं तर तो युक्तिवाद खोटा नव्हता. त्यातला फसवा भाग एवढाच, की ‘हे पुरेसं नाही’ यावरून ‘हे निरुपयोगी आहे’ इथे माणूस नकळत पोचतो.

परतल्यावर तिने काय केलं? पुन्हा फिलाडेल्फियात साक्षरता. मग १९६६ मध्ये मिशिगन विद्यापीठ, अध्यापनाचा अभ्यासक्रम, आणि ॲन आर्बर गावातली ‘चिल्ड्रन्स कम्युनिटी स्कूल’. इंग्लंडच्या समरहिल शाळेच्या धर्तीवर चालणारी ही छोटी शाळा होती. गोरी-काळी मुलं एकत्र, सक्ती नाही, परीक्षा नाही, मुलाला वाटेल तेव्हा ते शिकेल. इथेच तिला बिल एअर्स भेटला, शिकागोच्या वीज कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा. दोघं प्रेमात पडले, एकत्र राहू लागले. हाच तो ‘नादाला लावणारा’ मुलगा. पण त्या काळात ही जोडी लहान मुलांची नाकं पुसत होती आणि शाळेसाठी पैसे गोळा करत होती.

शाळा चालली नाही. पालकांची कुरकुर होती की सगळं छान आहे, पण मुलं वाचायला शिकत नाहीयेत. विचार करा, वाचन शिकवण्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घातलेल्या बाईला हे ऐकायला लागतं. सरकारी गरिबी-निर्मूलन निधीतून मदत मिळाली नाही आणि १९६८ मध्ये शाळा बंद पडली.

१९६८ म्हणजे कुठलं वर्ष, हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी, ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांचा टीव्हीवर दिसलेला लाठीमार. त्या एका वर्षात व्हिएतनाममध्ये १६ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले, आणि मेलेल्या व्हिएतनामींचा आकडा त्याच्या कितीतरी पट. शाळा गेलेली, हातात काम नाही, वय २६. डायना आणि बिल पूर्णवेळ एसडीएसमध्ये शिरले, म्हणजे ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’, तेव्हाची युद्धविरोधी विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी संघटना.

जून १९६९ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात एसडीएस फुटली. एका गटाने आपलं नाव बॉब डिलनच्या गाण्यावरून घेतलं, वेदरमन. एअर्स त्याच्या म्होरक्यांपैकी एक आणि डायना त्याच्यासोबत. त्या अधिवेशनापासून ग्रिनिच व्हिलेजच्या स्फोटापर्यंतचा काळ मोजा. नऊ महिनेसुद्धा पूर्ण होत नाहीत.

माझ्या शीटमध्ये मला हे सगळ्यात जास्त खटकलं. आपण म्हणतो, माणूस हळूहळू वाहवत गेला. इथे तसं नाही. सहा-सात वर्षं अतिशय चिवट, कंटाळवाणं, उपयोगी काम, आणि मग अचानक कडा. तिचं चरित्र लिहिणारे थॉमस पॉवर्स यांनी ल्युसिंडा फ्रँक्सबरोबर तिच्यावर वृत्तमालिका लिहिली, त्या मालिकेला १९७१ चं पुलित्झर मिळालं. काम उत्तमच आहे. पण बालपणापासून स्फोटापर्यंत अशी सलग गोष्ट वाचली की प्रत्येक पायरी पुढच्या पायरीकडेच नेत होती असं वाटायला लागतं. चिचिकास्तेनांगोहून बॉम्बकडे रस्ता जात नाही हो. तिथून हजारो तरुण परत आले आणि शिक्षक झाले, नर्स झाले, काहीच झाले नाहीत.

मग त्या नऊ महिन्यांत झालं काय? १९६९ च्या उन्हाळ्यात क्यूबाला जाऊन व्हिएतनामी प्रतिनिधींची भेट, हे झालंच. पण माझ्या मते महत्त्वाचं होतं ते राहणं. वेदरमनचे लोक ‘कलेक्टिव्ह’ करून राहायचे. पैसे सामाईक. जोडप्यांनी जोडपं म्हणून राहायचं नाही, एकनिष्ठ प्रेम म्हणजे मालकी हक्क, ते मोडायचं. डायना-बिलचं नातंही त्यात मोडलं. रात्र-रात्र चालणाऱ्या बैठकांत एकेकाला मध्ये बसवून त्याच्यातला भित्रेपणा, त्याचे श्रीमंती संस्कार सोलून काढायचे. बँकरच्या मुलीकडे सोलण्यासारखं किती असेल, कल्पना करा. अशा खोलीत ‘हे चुकतंय’ म्हणणाऱ्याचं म्हणणं कोणी तपासत नाही, म्हणणाऱ्यालाच तपासतात. आणि या काळात तिच्या रोजच्या आयुष्यात पालक नव्हते, मुलं नव्हती, वर्गात येणारे शेतकरी नव्हते. ‘मुलं वाचायला शिकत नाहीयेत’ असं तोंडावर सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

बाहेरून सांगितलं गेलं, ते ऐकलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये शिकागोत त्यांनी ‘डेज ऑफ रेज’ पुकारले. हजारो येतील अशी अपेक्षा, पहिल्या रात्री आले काही शेकडा. हेल्मेट घालून, काठ्या घेऊन त्यांनी काचा फोडल्या, मार खाल्ला. बायकांच्या तुकडीत डायना पकडली गेली, ठसे घेतले गेले ते तेव्हाच. ब्लॅक पँथर पार्टीचा शिकागोतला तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन याने या प्रकारावर जाहीर टीका केली, जनरल कस्टरसारखा आत्मघातकी आततायीपणा म्हणून. ज्यांच्या नावाने आपण लढतो म्हणतो, त्यांच्यातलाच माणूस सांगतोय! दोन महिन्यांत, ४ डिसेंबरला पहाटे, पोलिसांनी हॅम्प्टनला त्याच्या घरात झोपेतच मारलं. वय २१. पोलिसांकडून ८० हून जास्त गोळ्या, आतून एक. वेदरमनना यातून एकच अर्थ दिसला. डिसेंबरअखेर फ्लिंट शहरात त्यांची परिषद भरली, आणि तिथून ते भूमिगत व्हायला निघाले.

११ व्या रस्त्यावरचं घर कॅथी विल्करसनच्या वडिलांचं, ते कॅरिबियन बेटांवर सुट्टीला गेले होते. तळघरात टेरी रॉबिन्स आणि डायना बॉम्ब बांधत होते. डायनामाइट आणि छताचे खिळे. लक्ष्य होतं न्यू जर्सीतलं फोर्ट डिक्स, तिथल्या लष्करी क्लबातला नाच, म्हणजे सार्जंट लोक आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुली. खिळे इमारत पाडायला लागत नाहीत. ते माणसांसाठी असतात. तिच्याबद्दल मला कितीही जिव्हाळा वाटला तरी ही गोष्ट मी बाजूला ठेवू शकत नाही. ड्वाइटसारख्या गावांतून सैन्यात गेलेली पोरं त्या नाचाला असणार होती.

बिल एअर्सने २००१ मध्ये आलेल्या आठवणींत एक शक्यता मांडली, की डायनाने शेवटच्या क्षणी मुद्दामच तारा जोडल्या असतील, तो नाच वाचवण्यासाठी. मला हे पटत नाही. याला कसलाही पुरावा नाही, आणि मेलेल्या प्रेयसीला निर्दोष करून टाकण्याची ही फारच सोयीची युक्ती आहे. कच्च्या हातांनी बांधलेला, सुरक्षेची कळ नसलेला बॉम्ब फुटला, हे स्पष्टीकरण पुरेसं आहे. तिच्याबरोबर टेरी रॉबिन्स आणि टेड गोल्ड मेले, दोघंही २२ वर्षांचे.

यानंतर या गटाने बॉम्ब ठेवणं थांबवलं नाही, पण आधी फोन करून इमारत रिकामी करायला सांगू लागले. १९७१ मध्ये अमेरिकन संसदेची इमारत, १९७२ मध्ये पेंटागॉन, दोन्हीकडे जीवितहानी नाही. धुरातून बाहेर आलेल्या दोघींपैकी कॅथी बूडिन १९८१ मध्ये ब्रिंक्स कंपनीच्या गाडीवरच्या दरोड्यात सापडली, त्यात तीन माणसं मारली गेली, तिने २२ वर्षं तुरुंगात काढली. कॅथी विल्करसन १९८० मध्ये शरण आली आणि पुढे गणिताची शिक्षिका झाली. बिल एअर्सवरचे खटले एफबीआयच्या बेकायदा उद्योगांमुळे टिकले नाहीत. तो शिकागोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, विषय शिक्षणशास्त्र.

११ व्या रस्त्यावरची जागा काही वर्षं रिकामी होती. १९७८ मध्ये तिथे ह्यू हार्डी या वास्तुरचनाकाराचं नवं घर उभं राहिलं. बाकी रांग सरळ आहे, या एका घराचा दर्शनी भाग तिरका, रस्त्याकडे कोपरा काढून वळलेला. पर्यटक बघायला जातात.

इतकंच. भेटूया पुढच्या भागात.