मिनामाता रोग
मेथिल पारा या पाऱ्याच्या कार्बनी संयुगामुळे होणारी तंत्रिका तंत्राची विषबाधा. जपानमधील क्यूशू बेटावरील मिनामाता येथे १९५६ मध्ये या रोगाची प्रथम अधिकृत नोंद झाली. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइडच्या निर्मितीत पाऱ्याचे लवण उत्प्रेरक म्हणून वापरीत. सांडपाण्यातून उपसागरात गेलेला मेथिल पारा मासे व शिंपल्यांत साचे आणि त्यांवर उपजीविका करणाऱ्या कोळी कुटुंबांच्या शरीरात जाई.

सिस्टाइन या ॲमिनो अम्लाशी संयोग पावून हा पारा रक्तातून मेंदूत शिरतो. तेथे ग्लुटामेट हा संदेशवाहक पदार्थ शोषून घेण्याची क्रिया मंदावते, त्याच्या ग्राहींचे अतिउद्दीपन होते व कोशिका मरतात. बधिरता, तोल जाणे व दृष्टिक्षेत्र आकसणे ही प्रमुख लक्षणे होत. मातेत लक्षणे सौम्य असूनही काही अर्भके गंभीर व्यंगासह जन्मली.

कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी १९५९ मध्येच कार्बनी पाऱ्याकडे निर्देश केला होता. त्याच वर्षी कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून दिलेल्या मांजरात हाच विकार उद्भवला. परंतु कंपनीने हा निष्कर्ष प्रकट होऊ दिला नाही. शासनाने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. तत्पूर्वी, १९६५ मध्ये, नीगाता येथे अन्य कंपनीच्या अशाच सांडपाण्याने दुसरा उद्रेक झाला होता. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचेच नाव देण्यात आले.