बापाची सही आणि खोटे पकडणारे यंत्र

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचे नाव निघाले की १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेला जमाव, गोळीबार, दोन्ही बाजूंचे मृत्यू, मग धरपकड आणि फाशीच्या शिक्षा. पुढे १९४५ मध्ये चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी टळली. अशा धरपकडीत ‘तुमचा पोरगा त्या दिवशी कुठे होता?’ हा प्रश्न सर्वांत आधी घराला विचारला जातो.

घरावर संशय घेण्याची सरकारी रीत त्याहून जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसे संशयित ठरली आणि पोलिसांकडे हजेरी लावण्याची सक्ती त्यांच्यावर झाली. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या पोरालाही आईबापांपासून तोडण्याची मुभा सरकारला मिळाली. हा कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये.

मात्र त्याच राजवटीत दुसरा विचारही रुजत होता. वर्धा ज्या मध्यप्रांतात होता, तिथे १९३६ मध्येच परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा झाला. चुकलेल्याला तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तनाच्या हमीवर घरी राहू द्यायचे, ही त्यामागची कल्पना. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने ती देशभर नेली. जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्या तरुणाला कैदेत पाठवायचे असेल, तर न्यायालयाला कारणे लिहावी लागतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठराच्या आतला मुलगा पालकाच्या ताब्यात दिला जातो. त्यासाठी पालकाला हमीपत्र द्यावे लागते आणि त्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असते.

म्हणजे या व्यवस्थेचा पाया बापाची किंवा आईची सही हा आहे. परिवीक्षा अधिकारी घरी येतो, चहा घेतो, शाळेची चौकशी करतो. आई त्याला खरे सांगते, कारण तो पोराचे बरे पाहणारा आहे असे तिला वाटते.

आता यात पॉलिग्राफ आणून बघा. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले पोलिसांत जॉन लार्सन यांनी हे यंत्र बनवले. ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजते. खोटे मात्र मोजत नाही. खोटे बोलणाऱ्याची आणि नुसत्या घाबरलेल्या पोराची नाडी सारखीच धावते. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्याचा शास्त्रीय आधार कच्चा असल्याचे सांगितले. तरीही अमेरिकेत काही ठिकाणी लैंगिक गुन्ह्यातल्या अल्पवयीनांची परिवीक्षेच्या काळात अशी चाचणी होते. इंग्लंड-वेल्समध्ये तुरुंगातून सुटलेल्या प्रौढ लैंगिक गुन्हेगारांपैकी काहींना ती २०१४ पासून सक्तीची आहे.

आपल्याकडे २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेलगी प्रकरणाच्या निमित्ताने अशा चाचण्यांची सक्ती मान्य केली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ती वाट बंद केली. संमतीशिवाय चाचणी नाही, आणि ती संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली हवी. संमतीने केलेल्या चाचणीचा निकालही स्वतःहून पुरावा ठरत नाही.

पण ज्याला ‘नाही’ म्हटले तर तुरुंगाची भीती आहे, त्या पोराच्या ‘हो’ला संमती म्हणायचे का? आणि यंत्राने खोटे बोलतो असे दाखवले, तर फटका एकट्या पोराला बसत नाही. सही करणारा बापही गावात खोटा ठरतो. धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत तो कागद आडवा येतो. घरात बोलणे कमी होते. आई अधिकाऱ्याला काही सांगेनाशी होते, आणि पोर घसरतेय हे वेळेवर सांगणारे माणूसच उरत नाही.

परिवीक्षेच्या कायद्यांत या यंत्राचा उल्लेखही नाही, आणि तसेच राहावे असे मला वाटते. हजेरीच्या वहीने या मुलखातली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या संशयात ठेवली. यंत्राच्या रूपाने ती वही पुन्हा दारात यायला नको. त्यापेक्षा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचणारे परिवीक्षा अधिकारी वाढवले, तर बापाच्या सहीला बळ मिळेल.