कार-टी थेरपी आणि मल्टिपल मायलोमा: नाव एक, पत्ता वेगळा

"डॉक्टर, मुंबईत तयार झालेली ती कॅन्सरची नवी थेरपी आमच्या बाबांना देता येईल का?" मायलोमा पुन्हा उलटला की रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. हातातल्या मोबाईलवर बातमी उघडलेली असते. काही जण तर जमीन विकायची तयारी ठेवूनच आलेले असतात. उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटण्यासाठी थोडा इतिहास माहीत असायला हवा. आज तोच पाहू या.

सुरुवात एका लघवीच्या नमुन्यापासून

आपल्या हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी बनवणं हे त्यांचं काम. याच पेशी बेसुमार वाढू लागल्या की त्या आजाराला मल्टिपल मायलोमा म्हणतात. हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, किडनीवर ताण येतो.

१८४५ साली लंडनमधल्या एका व्यापाऱ्याला हाडांच्या दुखण्याने हैराण केलं होतं. त्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडे तपासायला आला. त्यात एक विचित्र प्रथिन सापडलं. उकळलं की ते विरघळायचं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट व्हायचं. तो रुग्ण १ जानेवारी १८४६ रोजी दगावला. तुमच्या रिपोर्टवर आजही 'बेन्स जोन्स प्रोटीन' असं लिहिलेलं दिसतं, ते यामुळेच.

पुढची शंभर वर्षं या आजारावर खास असं औषध नव्हतं. १९६०च्या सुमारास मेलफॅलन आलं. मग मेलफॅलनचा मोठा डोस देऊन रुग्णाच्याच स्टेम सेल परत चढवण्याची पद्धत रुळली. १९९९ मध्ये थॅलिडोमाइड मायलोमावर चालतं हे सिद्ध झालं. गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं म्हणून बदनाम झालेलं हेच ते औषध! २००३ मध्ये बोर्टेझोमिब आलं. प्रत्येक टप्प्यावर आयुष्य वाढलं, पण बहुतेकांमध्ये आजार कधी ना कधी परत येत राहिला. आणि दर वेळी तो आधीपेक्षा चिवट होत गेला.

पेशीलाच औषध बनवण्याची कल्पना

आपल्या रक्तातल्या टी-पेशी शरीराच्या रक्षक असतात, पण कॅन्सरची पेशी त्यांना सहज चुकवते. १९८९ मध्ये इस्राएलचे शास्त्रज्ञ झेलिग एशहार यांच्या गटाने टी-पेशीवर अँटिबॉडीचा भाग बसवून दाखवला. रक्षकाच्या हातात शत्रूचा पत्ता देण्यासारखंच हे काम होतं. अशा पेशींना आज कार-टी म्हणतात. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि काही दिवस केमो दिल्यावर त्या सलाईनसारख्या परत चढवतात.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताच्या कॅन्सरसाठी ही थेरपी दिली गेली. ताप आणि दाह इतका भडकला की ती व्हेंटिलेटरवर गेली. तेव्हा संधिवाताचं एक औषध, टोसिलिझुमॅब, देऊन पाहिलं आणि ती सावरली. कार-टीनंतरच्या अशा त्रासावर आजही तेच औषध वापरतात. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टीला मान्यता मिळाली.

इथेच खरी मेख आहे

एमिलीला दिलेल्या पेशींकडे 'सीडी १९' हा पत्ता होता. हे प्रथिन बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमात असतं. मायलोमाच्या बहुतेक पेशींवर ते नसतंच. म्हणून मायलोमासाठी वेगळा पत्ता शोधावा लागला. तो म्हणजे 'बीसीएमए'. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०२१ मध्ये आयडे-सेल या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आधीचे अनेक उपचार थकलेल्या १२८ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांना त्याचा गुण आला होता, पण निम्म्या रुग्णांमध्ये साधारण नऊ महिन्यांत आजार पुन्हा वाढला. २०२२ मध्ये सिल्टा-सेल आलं. त्याच्या चाचणीतल्या ९७ रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांना गुण आला, आणि ३२ जण पाच वर्षांनंतरही मायलोमाचं दुसरं कुठलंही औषध न घेता आजारमुक्त होते. वारंवार उलटणाऱ्या आजारात ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र बाकीच्या दोन तृतीयांश रुग्णांना हे भाग्य लाभलं नाही, हेही विसरू नका.

मग मुंबईची थेरपी?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात ती उपलब्ध झाली, याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा. पण नावातला '१९' पाहा. तोच तिचा पत्ता आहे! ती बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. मायलोमाच्या रुग्णासाठी ती नाही. बीसीएमएचा पत्ता असलेल्या कार-टीवर आपल्याकडेही काम सुरू आहे.

म्हणून जमिनीच्या कागदांना हात लावण्याआधी तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना हे प्रश्न विचारा:

- ही थेरपी कोणत्या प्रथिनावर काम करते? आमच्या आजारात ते आहे का?
- आधीच्या औषधांपैकी कोणती अजून वापरता येतील?
- मायलोमासाठी बीसीएमए कार-टीची चाचणी कुठे सुरू आहे का? त्यात आम्ही बसतो का?
- ताप, रक्तदाब घसरणं, गोंधळलेपणा, जंतुसंसर्ग हे धोके बाबांची तब्येत सोसेल का?

उत्तर 'नाही' आलं तरी उपचार संपले असं समजू नका. बाबांना द्यायचं औषध त्यांच्या आजाराच्या पत्त्यावर जाणारं हवं, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो पत्ता ठरवण्यासाठी आधी नीट तपासण्या आणि तज्ज्ञांशी मोकळं बोलणं हवं.